बातमी वाचून राग आला? मग हरकत नोंदवा: इंटरनेटच्या नियमांवर आपलं म्हणणं सरकारपर्यंत कसं पोचवायचं

मे २०२१ मधली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप आला. मेसेजखाली दोन निळ्या आणि एक लाल खूण दिसली तर सरकार तुमच्यावर कारवाई करू शकतं, आणि तिन्ही लाल झाल्या तर कोर्टाचं समन्स निघालंच समजा. शेजारच्या काकूंनी घाबरून त्या रात्री चार ग्रुप सोडले. त्यात त्यांच्या भजनी मंडळाचाही होता. निरोप धादांत खोटा होता. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयानं तसं जाहीरही केलं.

त्याच आठवड्यात एक खरी घडामोड चालू होती. २५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं आणलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या कंपन्यांना तीन महिन्यांची मुदत दिली होती आणि ती संपत आली होती. त्यातला एक नियम असा की एखादा मेसेज सर्वांत आधी कोणी पाठवला हे न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून कंपनीला सांगता आलं पाहिजे. व्हॉट्सअॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. काकूंच्या फोनशी थेट संबंध होता तो या बातमीचा. ग्रुपवर तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

हा लेख काकूंसारख्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांना इंटरनेटच्या कायद्याबद्दलची बातमी वाचून काहीतरी बोलावंसं वाटतं, पण आपलं बोलणं चार ग्रुपच्या पलीकडे जात नाही असा ज्यांचा अनुभव आहे, त्यांच्यासाठी. यासाठी वकील असावं लागत नाही आणि संगणकातलं फार कळावंही लागत नाही. आपल्याकडे 'हरकती व सूचना' हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. शहराचा विकास आराखडा जाहीर झाला आणि आपल्या घरावरून रस्ता जातोय असं कळलं, की माणूस नगरपालिकेत जाऊन नकाशा बघतो, आपला गट नंबर शोधतो, मुदतीच्या आत अर्ज लिहितो आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतो. इंटरनेटच्या नियमांचंही नेमकं तसंच आहे. फक्त नकाशा दिल्लीत लागलेला असतो.

पहिली पायरी: बातमी कुठल्या टप्प्यावरची आहे ते ओळखा

'सरकारचा नवा कायदा' अशा मथळ्याखाली सात-आठ वेगवेगळ्या गोष्टी छापून येतात. मंत्री भाषणात काही बोलले, नियामकानं सल्लामसलतीची पत्रिका काढली, विधेयकाचा मसुदा आला, विधेयक मंजूर झालं, त्याखालच्या नियमांचा मसुदा आला, अंतिम नियम राजपत्रात आले, खात्यानं कंपन्यांना परस्पर आदेश दिला, न्यायालयानं स्थगिती दिली. प्रत्येक टप्प्यावर आपल्याला करता येण्यासारखं काही असतं, पण ते दर वेळी वेगळं असतं.

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचं बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये तो संसदेत मंजूर झाला आणि ११ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. लोकांना वाटलं, झालं. पण त्याखालच्या नियमांचा मसुदा आला ३ जानेवारी २०२५ ला आणि त्यावर जनतेकडून सूचना मागवल्या. अंतिम नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातली बरीच कलमं लागू व्हायला पुढे आणखी अठरा महिने ठेवले आहेत. एकाच कायद्याची 'आता लागू' अशी बातमी आपण दोन-अडीच वर्षांत तीनदा वाचली. सामान्य माणसाला अधिकृतपणे बोलायची खिडकी उघडी होती ती मात्र फक्त मधल्या दोन महिन्यांत.

म्हणून बातमी वाचताना तीन शब्द शोधा: 'मसुदा', 'अधिसूचना' आणि 'आदेश'. मसुदा असेल तर बहुधा मुदत चालू आहे. लगेच कामाला लागा. अंतिम अधिसूचना निघाली असेल तर आता खासदार, संसदेची समिती किंवा न्यायालय हे मार्ग उरतात. आदेश असेल तर हरकतींची खिडकी नसतेच, पण तिथेही लोकांच्या बोलण्यानं फरक पडतो. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं फोन बनवणाऱ्या कंपन्यांना आदेश दिला की विकल्या जाणाऱ्या नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे अॅप आधीच घातलेलं असावं. बातमी बाहेर आली तेव्हा संसदेचं हिवाळी अधिवेशन नुकतंच सुरू झालं होतं. तीन डिसेंबरला सक्ती मागे घेतल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०१५ मध्येही असंच झालं होतं. एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्यात, गुप्त स्वरूपात पाठवलेल्या मजकुराची साधी प्रत नागरिकांनी नव्वद दिवस सांभाळून ठेवावी अशी अपेक्षा होती. म्हणजे तुम्ही मुलीला पाठवलेला 'जेवलीस का' हा मेसेजही तीन महिने पुसायचा नाही. मोठा गदारोळ झाला आणि २२ सप्टेंबरला मसुदाच मागे घेतला गेला.

ही दोन उदाहरणं मी मुद्दाम देतोय, कारण 'आपल्या बोलण्यानं काय होणार' हे वाक्य मी फार ऐकतो. होतं. नेहमी होत नाही, पण होतं.

दुसरी पायरी: मूळ कागद मिळवा

बातमीवर हरकत घेता येत नाही, कागदावर घेता येते. नियमांचा मसुदा बऱ्याचदा भारताच्या राजपत्रात छापला जातो आणि मग ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. शिवाय संबंधित मंत्रालयाच्या आणि 'मायगव्ह' या लोकांचं म्हणणं मागवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरही बहुधा असतो. संसदेत मांडलेली विधेयकं लोकसभा-राज्यसभेच्या संकेतस्थळांवर असतात, आणि पीआरएस ही संस्था त्यांचा सोप्या इंग्रजीतला गोषवारा देते. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, आपल्या पत्रिका स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतं.

राजपत्राची फाइल उघडली की आधी हिंदी भाग येतो, मग इंग्रजी. घाबरून बंद करू नका. मराठी वाचणाऱ्याला हिंदी भाग निम्मा तरी कळतो, आणि जिथे इंग्रजी वाक्य लांबलचक होतं तिथे हिंदी बाजूला ठेवून वाचलं तर अर्थ पटकन लागतो. सुरुवातीच्याच परिच्छेदात दोन गोष्टी असतात: सूचना कुठे पाठवायच्या आणि कोणत्या तारखेपर्यंत. त्या दोन ओळी आधी कागदावर उतरवून घ्या. मी त्या फ्रीजवर चिकटवतो.

मग व्याख्या वाचा. इंटरनेटच्या नियमांत खरी गोम बहुतेक वेळा व्याख्येत असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिमरीत्या तयार केलेल्या मजकुराबद्दल, म्हणजे आपण ज्याला डीपफेक म्हणतो त्याबद्दल, माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्तीचा मसुदा आला. बातम्यांत सगळीकडे एकच आकडा होता: अशा चित्रावरची सूचना दिसणाऱ्या भागाच्या किमान दहा टक्के जागेत असावी. पण व्याख्या वाचली तर दिसायचं की संगणकानं 'बदललेला' आणि खरा वाटेल असा कुठलाही मजकूर तिच्यात बसू शकतो. एखादा कीर्तनकार आपल्या ध्वनिमुद्रणातला पंख्याचा आवाज काढून टाकतो, एखादी ताई पुरणपोळीच्या व्हिडिओत उजेड वाढवते; ते यात येतं का? हा प्रश्न विचारणं हीच खरी हरकत. दहा टक्क्यांवर तर सगळेच बोलत होते.

वाचताना पेन्सिल घेऊन आणखी काही शब्दांखाली रेघ मारा. 'करील' आणि 'करू शकेल' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात मर्जी. 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' असं जिथे लिहिलंय, तिथे खरा निर्णय पुढच्या नियमांवर सोडलेला आहे, म्हणजे तो मसुदा आला की पुन्हा वाचायचं. 'यांसारखे' किंवा 'इत्यादी' आलं की यादी उघडी राहिली. आणि आकडे: किती दिवस, किती तास, किती दंड.

सगळा मसुदा वाचून संपवण्याचा आग्रह धरू नका. आपल्या रोजच्या आयुष्याला भिडणारे दोन नियम नीट वाचा. पुरे.

तिसरी पायरी: दार कोणाचं?

हे पटकन सांगतो. फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, डेटा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे विषय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आहेत. सिमकार्ड, दूरसंचार परवाने आणि इंटरनेट बंदीचे नियम दूरसंचार विभागाकडे. रिचार्जचे दर आणि सेवेचा दर्जा ट्रायकडे. वृत्तवाहिन्या, ऑनलाइन बातम्या आणि ओटीटी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. तुमच्या जिल्ह्यात दंगलीच्या वेळी इंटरनेट बंद झालं तर तो आदेश सहसा राज्याच्या गृह विभागाचा असतो. असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सांगितलं आहे. त्यामुळे बंदी आली तर आधी आदेशाची प्रत मागा.

एक फरक लक्षात ठेवा. तुमचं खातं बंद झालं, तुमच्या फोटोचा कोणी गैरवापर केला, तर ती तक्रार आहे, सूचना नव्हे. ती आधी त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची आणि समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करायचं. पैसे गेले असतील तर दुसरं काही करण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा.

चौथी पायरी: लिहायचं कसं

इथे जरा थांबतो, कारण सगळं इथेच ठरतं. २०१५-१६ मध्ये दोनदा जे घडलं त्यातून मी हे शिकलो.

२७ मार्च २०१५ ला ट्रायनं एक पत्रिका काढली. ११८ पानं, वीस प्रश्न. विषय असा की व्हॉट्सअॅप, स्काइप यांसारख्या सेवांना वेगळे नियम आणि वेगळे दर लावावेत का. वरवर रुक्ष वाटणारा विषय, पण त्याच्या पोटात प्रश्न होता की इंटरनेट देणाऱ्या कंपनीनं कुठली साइट फुकट, कुठली जलद आणि कुठली महाग हे ठरवायचं का. काही तरुण स्वयंसेवकांनी ती ११८ पानं वाचली, प्रश्नांची साध्या भाषेत उत्तरं लिहिली आणि ती लोकांना मेलनं पाठवता येतील अशी सोय केली. दहा लाखांहून जास्त मेल ट्रायकडे गेले. एखाद्या तांत्रिक विषयावर आपल्या देशात लोक एवढे बोलले नव्हते.

मग ९ डिसेंबर २०१५ ला ट्रायनं दुसरी पत्रिका काढली, या वेळी फक्त वेगवेगळ्या दरांबद्दल, आणि तीत चार नेमके प्रश्न विचारले. त्याच सुमारास फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ही योजना चर्चेत होती: निवडक साइट फुकट, बाकी इंटरनेट नाही. फेसबुकनं आपल्या वापरकर्त्यांना एक तयार मजकूर दिला आणि बटण दाबलं की तो ट्रायला जाईल अशी व्यवस्था केली. लाखो लोकांनी बटण दाबलं. पण त्या मजकुरात 'मी फ्री बेसिक्सला पाठिंबा देतो' एवढंच होतं. ट्रायनं विचारलेल्या चार प्रश्नांचं उत्तर त्यात नव्हतं, आणि ट्रायनं ते तसं कंपनीला कळवलंही. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आले: मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी, मोडल्यास दिवसाला पन्नास हजार रुपये, जास्तीत जास्त पन्नास लाख. फेसबुकनं त्याच महिन्यात भारतातली ती योजना बंद केली.

दोन्ही वेळा मेल लाखांत होते आणि दोन्ही वेळा मजकूर तयारच होता. फरक एवढाच की एका मजकुरात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती आणि दुसऱ्यात नुसता पाठिंबा. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: आधी प्रश्न वाचा, आणि त्याच क्रमांकाखाली उत्तर लिहा. तयार मजकूर मिळाला तर तो समजून घ्यायला वापरा, पण त्यात तुमच्या घरातला, दुकानातला, शाळेतला निदान एक प्रसंग घाला. मंत्रालयात बसलेल्या माणसाला कायदा आपल्यापेक्षा जास्त कळतो. त्याला ठाऊक नसतं ते तुमचं घर.

काकूंची हरकत हे त्याचं उदाहरण. फेब्रुवारी २०२५ मध्ये डेटा संरक्षण नियमांच्या मसुद्यावर सूचना मागवल्या होत्या तेव्हा त्या एका संध्याकाळी फोन घेऊन आल्या. त्यांची नात सातवीत. तिचा गृहपाठ एका अॅपवर येतो आणि ते अॅप आजीच्या फोनमध्ये, कारण आई-वडील दोघंही कामावर. मसुद्यातला नियम १० मुलांच्या डेटाबद्दल होता: अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी पालकाची पडताळता येणारी संमती हवी, आणि ती देणारी व्यक्ती सज्ञान आहे हे ओळख आणि वयाच्या विश्वसनीय तपशिलावरून तपासायला हवं. मसुद्यात उदाहरणंही होती, ज्यात मुलाला 'सी' आणि पालकाला 'पी' अशी अक्षरं दिली होती. काकूंनी ती चार उदाहरणं वाचून घेतली आणि विचारलं, "यात आजी कुठंय?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यांनी सांगितलं तसं आम्ही लिहिलं ते साधारण असं:

> विषय: डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण नियमांचा मसुदा, नियम १० बाबत सूचना.
>
> मी निवृत्त शिक्षिका असून माझी नात इयत्ता सातवीत शिकते. तिचे आई-वडील दिवसभर कामावर असल्याने शाळेचे अॅप माझ्या फोनवर आहे.
>
> नियम १० मध्ये पालकाच्या संमतीची पद्धत दिली आहे. परंतु सोबतच्या चारही उदाहरणांत मूल किंवा पालक स्वतः अॅप वापरतात असे धरले आहे. आमच्यासारख्या घरांत फोन आजीचा, अभ्यास नातीचा आणि संमती आई-वडिलांची अशी स्थिती असते.
>
> माझी विनंती: (१) पालकाने एकदा संमती दिल्यावर घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या फोनवर अॅप वापरण्याची पद्धत एका उदाहरणाद्वारे स्पष्ट करावी. (२) वय तपासण्यासाठी घेतलेला ओळखीचा तपशील तपासणी झाल्यावर कंपनीने जपून ठेवू नये, असे वाक्य या नियमात घालावे.

बस्स, एवढंच. कोण आहे, कोणता नियम, त्यात काय म्हटलंय, माझ्याकडे काय घडतं, काय बदल हवा. शेवटचा भाग कधीही गाळू नका. 'हा नियम चुकीचा आहे' असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हातात काही पडत नाही; 'असे वाक्य घालावे' म्हटलं की त्याला ते घालायचं की नाही हे ठरवावं लागतं. नियम आवडला असेल तरी लिहा, आणि का आवडला तेही. विरोधात लिहिणारे पुष्कळ असतात. चांगलं कलम कोणीच उचलून धरलं नाही तर ते गुपचूप गळून जाऊ शकतं.

भाषेचं काय, असा प्रश्न हमखास येतो. मराठीत लिहा. संविधानाचा अनुच्छेद ३५० सांगतो की गाऱ्हाणं मांडणारं निवेदन संघाच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला, तिथे वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. हा आपला हक्क आहे, मेहरबानी नव्हे. मात्र व्यवहार म्हणून खाली चार-पाच ओळींचा इंग्रजी किंवा हिंदी गोषवारा जोडा, म्हणजे दिल्लीत फाइल हाताळणाऱ्याला अनुवादाची वाट बघावी लागणार नाही. आणि संधी मिळेल तिथे मराठीची मागणीही करा. याच डेटा कायद्याचं कलम ५ म्हणतं की संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला असला पाहिजे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, कोकणीही आहे. ज्या अॅपवर हा पर्याय दिसत नाही त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा; ते कलम लागू झालं की तोच तुमचा पुरावा. लंडनला किंवा न्यूजर्सीला असलेल्या आपल्या मंडळींनीही इथल्या म्हाताऱ्या आई-वडिलांच्या फोनबद्दल लिहायला हरकत नाही. भारतातली अॅपं तेच तर लांबून चालवून देत असतात.

पाचवी पायरी: पाठवा, पण सांभाळून

मुदतीच्या शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. त्या डेटा नियमांची मुदत १८ फेब्रुवारीची ५ मार्च झाली हे खरं, पण मुदत वाढेल यावर कधीच विसंबू नका. २०१४ पासून केंद्राचं धोरण आहे की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि सोबत सोप्या भाषेतली टीप द्यावी. प्रत्यक्षात डीपफेकच्या त्या मसुद्याला आधी जेमतेम दोन आठवडे दिले होते. मुदत तीस दिवसांपेक्षा कमी असेल तर तुमच्या सूचनेतला पहिला मुद्दा तोच करा, आणि या धोरणाचा उल्लेख करा.

नावाबद्दल सावध राहा. २०१५ मध्ये ट्रायनं आलेले सगळे मेल संकेतस्थळावर टाकले, आणि त्यासोबत दहा लाखांहून जास्त लोकांचे ईमेल पत्ते जगजाहीर झाले. डेटा नियमांच्या वेळी मात्र सूचना गोपनीय ठेवू, असं मंत्रालयानं म्हटलं होतं. दर वेळी पद्धत वेगळी असते, म्हणून आपलं पत्र उद्या चव्हाट्यावर येईल असं धरूनच लिहा. फोन नंबर, घरचा पत्ता, नातवंडाचं नाव, शाळेचं नाव घालू नका. आधारची प्रत कोणी मागितलेली नसते, तरी लोक जोडतात. कृपा करून जोडू नका. सूचना पाठवायला एक वेगळा ईमेल काढून ठेवलेला बरा.

पाठवल्यावर पुरावा ठेवा. मेल असेल तर त्याची पीडीएफ, फॉर्म असेल तर 'सबमिट' करण्याआधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट.

आणि घाबरू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना, मुंबई बंदबद्दल फेसबुकवर एक ओळ लिहिली आणि दुसरीनं ती लाइक केली म्हणून अटक झाली होती. तेव्हापासून आपल्याकडच्या कित्येक आईवडिलांच्या मनात ती भीती बसली आहे. ज्या कलमाचा त्या वेळी वापर झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ, २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं, आणि त्याखाली कोणावरही खटला चालवू नये असं ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. मसुद्यावर सूचना पाठवणं तर सरकारनं स्वतः मागितलेलं काम आहे. फक्त कलमावर बोला, माणसावर नको. मंत्र्याचा पक्ष आणि अधिकाऱ्याची जात-धर्म यांचा उल्लेख आला की तुमच्या चांगल्या मुद्द्याचीही माती होते.

पाठवून झाल्यावर

उत्तर येत नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर लोक निराश होतात. अंतिम नियम आले की आधीचा मसुदा आणि तो नवा कागद शेजारी ठेवून आपल्या नियमापुरती तुलना करायची. काय बदललं, काय तसंच राहिलं, हे ग्रुपवर चार ओळींत लिहायचं. 'सरकारनं ऐकलं नाही' एवढं लिहिण्यापेक्षा 'नियम १० मध्ये अमुक शब्द आला, तमुक आला नाही' हे लिहिलेलं पुढच्या वेळी दहा माणसांना उपयोगी पडतं.

त्यानंतरही दारं बंद नसतात. केंद्रानं केलेले नियम संसदेपुढे ठेवावे लागतात. आपल्या खासदाराला एक पानी पत्र द्या, आणि त्यात विचारता येईल असा एक प्रश्न तयार करून द्या. खासदारांच्या कार्यालयांना तयार प्रश्न आवडतात. न्यायालयाची वाट लांबची, पण तिथेही महाराष्ट्राचा ताजा दाखला आहे. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा की खरा हे सरकारच्याच विभागानं ठरवावं, असा बदल एप्रिल २०२३ मध्ये नियमांत झाला होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड हे मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं विरुद्ध पडली, म्हणून प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, अतुल चांदूरकरांकडे गेलं, आणि २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी तो बदल घटनाबाह्य ठरवला. फोर्टमधल्या त्या दगडी इमारतीत लागलेला हा निकाल सगळ्या देशाच्या इंटरनेटबद्दलचा होता.

एकट्यानं कंटाळा येत असेल तर वाचनालयात, महिला मंडळात, कॉलेजात एक संध्याकाळ ठेवा. मसुद्याच्या दोनच नियमांच्या छापील प्रती, एक जण मोठ्यानं वाचणारा, एक जण फळ्यावर तारीख आणि पत्ता लिहिणारा. आमच्याकडे तसं केलं तेव्हा पहिला अर्धा तास सगळे फक्त स्वतःच्या फोनच्या तक्रारी सांगत होते. सांगू द्या. त्यातल्याच चार तक्रारी पुढे हरकती होतात.

नोव्हेंबरमध्ये अंतिम नियम आले त्या दिवशी काकूंनी चष्मा पुसून विचारलं, "माझं वाक्य आलं का?" आम्ही नियम १० उघडला आणि दोनदा वाचला. ओळखीचा तपशील जपून ठेवू नये, हे वाक्य त्यात नव्हतं. उदाहरणांतही आजी नव्हती. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी फेब्रुवारीतल्या त्या स्क्रीनशॉटची छापील प्रत रेशनकार्डाच्या पिशवीतून काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर 'नियम १०, लागू: मे २०२७' असं लिहून घेतलं, आणि शाळेच्या अॅपसाठी तोवर आई-वडिलांची संमती कशी मागायची हे विचारणारं पत्र मुख्याध्यापकांना कधी द्यायचं, हे ठरवायला बसल्या.